तापीपलीकडची हळद आणि माझ्या दुकानातलं कुलूप : एका मोटारसायकल चोरीचं प्रकरण

"तूच दिधेल कुलूप व्हतं ना रे भाऊ ते?"

आत्यानं हे विचारलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. ओट्यावर तुटलेलं केबल लॉक पडलं होतं. काळं प्लॅस्टिकचं आवरण उसवलेलं आणि आतल्या तारा झाडूच्या काड्यांसारख्या फाकलेल्या. हो, ते माझ्याच दुकानातलं होतं. अमळनेरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आतेभाऊ आला, "गाडीले कुलूप दे," म्हणाला, आणि मी समोरच्या खिळ्यावर टांगलेलं एकशे ऐंशी रुपयांचं केबल लॉक काढून दिलं. "चांगलं शे ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. गाडी कोणती, ती दिवसभर कुठे कुठे उभी राहते, यातलं मी काहीही विचारलं नाही.

मे २०२५ मध्ये ती गाडी गेली. सात आठवड्यांनी परत मिळाली, पण ज्या अवस्थेत मिळाली ती पाहून आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. या मधल्या काळात मी पोलीस ठाण्यात, कोर्टात, गॅरेजमध्ये आणि स्वतःच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जे शिकलो, ते इथे क्रमानं लिहितो आहे. गाडी एका लग्नातल्या हळदीच्या कार्यक्रमातून गेली, त्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

गाडीचा दिवस

गाडी म्हणजे स्प्लेंडर, २०१९ च्या दसऱ्याला घेतलेली. पुढे-मागे ड्रम ब्रेक, अलॉय चाकं, कार्ब्युरेटरचं मॉडेल. वजन एकशे दहा किलोच्या आसपास. हे वजन लक्षात ठेवा, पुढे त्याला महत्त्व आहे. दोन तगडी माणसं ती उचलून छोटा हत्तीत ठेवू शकतात.

आतेभावाचं गाव तापीकाठी आहे. पहाटे तो मळ्यात चक्कर मारतो, आठच्या सुमारास अमळनेर स्टेशनला येतो, सुरत-भुसावळ लाइनवरच्या गाडीनं जळगावला कामाला जातो आणि रात्री आठपर्यंत परततो. आमच्याकडे असे अप-डाउन करणारे हजारो आहेत. म्हणजे गाडीचे रोजचे तीन थांबे : घराचा ओटा, मळा आणि स्टेशनचं स्टँड. चौथा थांबा रोजचा नाही, पण वर्षातून चाळीसेक वेळा येतो. बाजार, यात्रा, दशक्रिया, लग्न. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर तर आठवड्यात तीन-तीन लग्नं असतात.

गाडी गेली ती या चौथ्या थांब्यावरून. आम्ही सगळी काळजी पहिल्याची करत होतो.

ती रात्र

हळदीचा कार्यक्रम. तापी ओलांडून सातपुड्याच्या अंगाला असलेलं मोठं गाव. मांडवाशेजारी कापसाचं मोकळं रान होतं, काढणी होऊन नांगरलेलं, तिथेच सगळ्यांनी गाड्या लावल्या. दीडशेच्या वर असतील. आतेभावानं पावणेनऊला गाडी लावली, हँडल लॉक केलं, केबल पुढच्या चाकातून फोर्कभोवती फिरवून कुलूप घातलं. गाडी ओळीत सगळ्यात टोकाला होती, रस्त्याच्या बाजूला, कारण जेवून लवकर निघायचं होतं. वांग्याची भाजी आणि बट्टीची पंगत, मग डीजे. डीजेचा आवाज छातीत वाजत होता. वीस पावलांवर कुणी दगडानं गाडी फोडली असती तरी ऐकू आली नसती.

दहा चाळीसला तो बाहेर आला. जिथे गाडी लावली होती तिथे फक्त साइड स्टँडचा खड्डा आणि तुटलेली केबल.

पहिला अर्धा तास शोधण्यात गेला. सगळेच असं करतात. कुणी मित्रानं मस्करी केली असेल, कुणी चुकून नेली असेल, असं वाटतं. "मी आठेज (इथेच) उभी करेल व्हती," एवढंच तो प्रत्येकाला सांगत होता. मी त्याला फोनवर म्हणालो, आधी ११२ ला फोन कर, मग शोध. कारण गाडी मालकाच्या नावावर असते आणि चोरट्यानं त्या रात्री कुणाला उडवलं किंवा तिच्यावरून काही गुन्हा केला, तर पहिली चौकशी मालकाकडे येते. तक्रारीवरची वेळ हाच त्या वेळी त्याचा बचाव असतो.

रात्री साडेअकराला तो ठाण्यात गेला. "सकाळी या, आधी नातेवाइकांकडे बघा," असं सांगून त्याला परत पाठवलं. सकाळी मी सोबत गेलो आणि गुन्हा नोंदवला गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२). १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३७९ ची जागा त्यानं घेतली आहे. पण त्या दहा तासांचं मला अजून वाईट वाटतं. त्या भागातून चोपडा, यावल, रावेर यांपैकी कुठल्याही रस्त्यानं उत्तरेला गेलं की मध्य प्रदेशची हद्द लागते, आणि गाडीनं दहा तास फार मोठे असतात. आता मला माहीत आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते, हद्द कुणाचीही असो, आणि नोंदलेल्या खबरीची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या रात्री हे माहीत असतं तर आतेभाऊ ठाण्यातून उठून आला नसता.

फिर्याद लिहिताना हवालदारांनी विचारलं, "ओळखखुणा?" आतेभाऊ म्हणाला, काळी स्प्लेंडर, लाल पट्टे. खानदेशात काळ्या स्प्लेंडर मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. सुदैवानं मला आठवलं की मधल्या स्टँडचा पाय एकदा मोडला होता आणि त्याला आमच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं आडवी पट्टी मारली होती. शिवाय सीटखालच्या पत्र्यावर त्याच्या पोरीनं खिळ्यानं तिचं नाव कोरलं होतं, त्यावरून ती मारही खाऊन बसली होती. दोन्ही खुणा फिर्यादीत गेल्या. पुढे त्यांचा मोठा उपयोग झाला.

विमा होता, चोरीचा नव्हता

यावर जरा थांबतो, कारण या एका गोष्टीत मला आमच्या गावात भेटलेले दहातले आठजण चुकलेले आहेत.

सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आतेभावाच्या कागदावर म्हणूनच २०२४ पर्यंतची तारीख होती. त्याला वाटलं, पाच वर्षं गाडी सुरक्षित. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपली गाडी चोरीला जाणं हे "ओन डॅमेज" या भागात येतं, आणि तो भाग त्याच्या पॉलिसीत पहिल्या वर्षापुरताच होता. ऑक्टोबर २०२० नंतर त्यानं तो कधी घेतलाच नाही. २०२४ मध्ये पाच वर्षं संपली तेव्हा मोबाइलवरून पुन्हा फक्त थर्ड पार्टी भरली. पंचाहत्तर ते दीडशे सीसीला ७१४ रुपये अधिक कर. स्वस्त पडलं म्हणून बरं वाटलं. गाडी गेली तेव्हा हातात विम्याचा वैध कागद होता आणि मिळणारी रक्कम शून्य होती.

ज्यांच्याकडे दोन्ही भाग आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. रक्कम मिळते ती गाडीच्या घोषित किमतीची, जिला आयडीव्ही म्हणतात. ती दरवर्षी घटते. सहा महिने ते एक वर्ष या वयाला पंधरा टक्के घट, तीन ते चार वर्षांच्या गाडीला चाळीस टक्के. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. दुसरी गोष्ट, कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी हरवली असेल तर ती हरवल्याची नोंद आधीच करून ठेवा, कारण चावी गाडीलाच राहिली होती का, हा पहिला प्रश्न असतो. तिसरी, पोलिसांचा तपास लागला नाही तर गुन्हा खरा पण न उलगडलेला, असा अहवाल कोर्टात जातो. महाराष्ट्रात त्याला अ समरी म्हणतात आणि ती मंजूर झाल्याशिवाय बहुतेक दावे पुढे सरकत नाहीत. चौथी, कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणानं दावा फेटाळता येत नाही, जर गुन्हा लगेच नोंदवला असेल. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये हे ठरवून दिलं आहे. म्हणून ठाण्यात जाण्याला उशीर नको. पण त्याच दिवशी कंपनीलाही कळवलेलं चांगलं.

मागच्या खोलीतले प्रयोग

आत्याच्या त्या प्रश्नानंतर मी दुकानातली सगळी कुलपं मागच्या खोलीत नेली. ज्याला गाडी न्यायची आहे त्याच्या हातात काय असतं, ते मीच तर विकतो. चोवीस इंची बोल्ट कटर, छत्तीस इंची कटर, चार इंची ग्राइंडर.

केबल लॉक : चोवीस इंची कटर, एक दाब. मी वेळ मोजायला मोबाइल काढला होता, बटण दाबायच्या आत काम झालं. मग पत्र्याच्या कात्रीनं प्रयत्न केला, तिनंही चार-पाच कापांत तारा सोडल्या. जाड दिसते ती जाडी प्लॅस्टिकची असते.

सहा मिलिमीटरची साधी साखळी आणि पितळी कुलूप : जनावरांसाठी विकतो तीच. साखळीची कडी एका दाबात गेली. कुलपाची कमानही गेली. म्हणजे साखळी बदलून उपयोग नाही, साखळी आणि कुलूप यांतलं जे कच्चं तेवढीच खरी ताकद.

दहा मिलिमीटरची कडक केलेली, चौकोनी कड्यांची साखळी आणि तिच्यासोबत आलेलं कुलूप : चोवीस इंची कटरच्या पात्याला खाच पडली, कडीवर नुसता ओरखडा उठला. छत्तीस इंची कटरला मी आणि माझा मुलगा दोघं लोंबकळलो. साखळी जमिनीला टेकवून, कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अंगभार टाकला, तेव्हा कडी चेपली. तीच साखळी कमरेएवढ्या उंचीवर टांगली तेव्हा जोर लागेना. ही गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो : साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, ताणून वर ठेवा. जमीन हा चोराचा दुसरा हात असतो.

ग्राइंडरपुढे मात्र सगळंच गेलं. दहा मिलिमीटरची कडी पाऊण मिनिटात कापली. कडीचा एक अंग कापून ती उघडत नाही, दोन्ही बाजूंनी कापावं लागतं, तेवढा वेळ वाढला. पण त्या पाऊण मिनिटात ठिणग्या छतापर्यंत गेल्या आणि शेजारचा किराणावाला काय झालं म्हणून धावत आला. शांत गल्लीत ग्राइंडर चालवणं म्हणजे सगळ्यांना हाक मारणं. डीजेच्या रात्री तसं नसतं.

या प्रयोगांतून माझा विचार पक्का झाला. न तुटणारं कुलूप मी विकू शकत नाही. कुलूप किती वेळ आणि किती आवाज करायला लावतं, आणि तो वेळ, तो आवाज त्या जागी कुणाच्या लक्षात येतो का, हे पाहायचं. म्हणून गाडीला एक कुलूप शोधण्यापेक्षा प्रत्येक थांब्याचा वेगळा विचार करायला हवा.

हँडल लॉकबद्दल फारसं लिहीत नाही. आत एक बोटाएवढी कांडी असते, तीवर कुणी भरवसा ठेवू नये. आणि जुन्या गाडीची चावी घासलेली असेल तर ती दुसऱ्याच्या गाडीलाही लागते, हे गॅरेजवाल्या कुणालाही विचारा. चावी खूप घासली असेल तर लॉकसेट बदला.

गाडी परत आली

जुलैच्या सुरुवातीला फोन आला. नाकाबंदीत एक स्प्लेंडर अडवली होती. अडवण्याचं कारण पाटी. एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उच्च सुरक्षा पाटी येते. होलोग्राम, लेझरनं कोरलेला क्रमांक आणि एकदा काढली की मोडणारं लॉक. या गाडीचं मॉडेल त्यानंतरचं आणि पाटी मात्र रंगवलेली साधी. त्या हवालदारांच्या नजरेला ते खटकलं. पाटीवरचा नंबर मोबाइलवर टाकला तर तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. चेसिस नंबर अर्धवट घासलेला होता, इंजिनचा शाबूत होता. स्टँडची वेल्डिंग पट्टी आणि सीटखालचं पोरीचं नाव पाहून आतेभावानं पंचांसमोर गाडी ओळखली.

घासलेल्या नंबराबद्दल मला तिथे एक गोष्ट कळली ती सांगण्यासारखी आहे. नंबर ठोकताना ठशाखालचा धातू आतपर्यंत दाबला जातो. वरून घासून सपाट केलं तरी तो दाब खाली शिल्लक असतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाचा विशिष्ट द्राव लावला की पुष्कळदा अंक पुन्हा दिसू लागतात. म्हणून अर्धवट घासलेला नंबर पाहून "आता काही होणार नाही" असं मालकानं समजू नये.

ज्याच्याकडे गाडी सापडली तो शेतमजूर होता. नऊ हजारांना, कागद "पुढच्या आठवड्यात देतो" या बोलीवर त्यानं ती घेतली होती. त्याचे नऊ हजारही गेले आणि चोरीचा माल बाळगल्याचं न्याय संहितेचं कलम ३१७ मागे लागलं. त्याला खरंच माहीत नव्हतं की काय, हे कोर्ट ठरवेल. मला एवढंच वाटतं की नऊ हजारात पाच वर्षांची स्प्लेंडर मिळते तेव्हा ती कुणाच्या तरी ओट्यावरून आलेली असते, आणि सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवायला आणखी दोन.

गाडी ठाण्याच्या आवारात होती, पण ती घेऊन जाता येईना. मुद्देमाल म्हणून जमा होती. वकिलामार्फत कोर्टात अर्ज केला आणि सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून देऊन, ती मिळाली. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे की वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं कुजत ठेवू नयेत, फोटो-पंचनामा करून, हमीपत्र घेऊन मालकाला द्यावीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही फोटो काढून लवकर निर्णय घ्यायची मुदत घालून दिली आहे. अर्ज न करता वाट पाहत बसणारे मात्र बसून राहतात. त्या आवारात मी वेल चढलेल्या गाड्या पाहिल्या, त्यांच्याही कुणी तरी हप्ते भरले असतील. सुपुर्दनाम्यावरची गाडी खटला संपेपर्यंत विकता येत नाही, रंग बदलता येत नाही, आणि बोलावलं की कोर्टात हजर करावी लागते.

बॅटरी गायब, वायरिंग कापलेलं, आरसे नाहीत, हँडलची मान वाकडी. दुरुस्तीला सहा हजार आठशे लागले.

प्रत्येक थांब्याचं कुलूप

आता जी व्यवस्था आहे ती आम्ही दोघांनी आणि गॅरेजच्या मिस्त्रींनी मिळून ठरवली. पहिलीच अडचण ड्रम ब्रेकची. मोबाइलवर जाहिराती येतात त्या डिस्क लॉकच्या. छोटं, खिशात मावणारं, अलार्मवालं. पण ते अडकवायला डिस्कला भोकं लागतात, आणि आमच्याकडच्या निम्म्याहून अधिक गाड्यांना डिस्कच नाही. एक गिऱ्हाईक तसलं लॉक घेऊन गेला आणि संध्याकाळी परत घेऊन आला. तेव्हापासून मी आधी गाडीच्या चाकाकडे बघतो.

घरच्या थांब्याचं काम सगळ्यात सोपं निघालं. ओट्याखाली पूर्वी बैल बांधायची जागा होती, दगडात बसवलेली कडी अजून तशीच होती. ती गंजली होती म्हणून गवंड्याकडून शेजारी दीड फूट खड्डा घेतला, वीस मिलिमीटरच्या सळईचा यू आकार वेल्डिंगवाल्याकडून करून, खालची टोकं बाहेर वाकवून काँक्रीटमध्ये पुरला. खर्च नऊशे रुपये. दहा मिलिमीटरची साखळी मागच्या चाकातून, स्विंग आर्मभोवती (मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा) आणि त्या कडीतून जाते. साखळी तीन किलोची आहे आणि कुलपासकट अडीच हजारांच्या आसपास पडली. ती घरीच राहते, गाडीवर फिरत नाही.

स्विंग आर्मचं मुद्दाम सांगतो. लोक साखळी साडी गार्डला अडकवतात, लेग गार्डला अडकवतात. हे दोन्ही नट-बोल्टवर असतात, पाना लावला की गार्डसकट साखळी हातात. नुसत्या पुढच्या चाकाला लावलेलं कुलूप चाक फिरू देत नाही, पण गाडी उचलू देतं. कुलूप गाडीच्या सांगाड्याला आणि जागेवरून न हलणाऱ्या वस्तूला, अशा दोघांना एकत्र धरेल तेव्हाच ते कामाचं.

स्टेशनवर तो पैसे देऊन स्टँडमध्येच लावतो, आधीही लावायचा. फरक एवढाच की आता चिठ्ठी पाकिटात ठेवतो, टाकीवर खोचून ठेवत नाही. चिठ्ठी दाखवणाऱ्याला गाडी मिळते, आणि ती चिठ्ठी तो सहा वर्षं गाडीवरच ठेवत होता. सोबत एक यू लॉक, मागच्या चाकाला. स्टँडच्या पोऱ्याचं लक्ष असतं, दिवसाउजेडी तेवढं पुरतं.

मिस्त्रींनी एक लपवलेला स्विचही बसवला. तो बंद असला की गाडीला करंट मिळत नाही, किक मारून दमतात. कुठे बसवला ते आत्यालाही सांगितलेलं नाही. साडेतीनशे रुपये लागले. जोड नीट सोल्डर करून, नळी चढवून घ्या, नाही तर तापीच्या पुलावर गाडी बंद पडेल. नव्या गाडीवर करायचं असेल तर वॉरंटीचं आधी विचारा. कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोलचा कॉक बंद करणं ही फुकटची सवय आहे. वाटीतल्या पेट्रोलवर गाडी थोडी जाते आणि बंद पडते. पळवणाऱ्याला भर रस्त्यात ते नको असतं.

जीपीएस घ्यायचं का, यावर आमचा बराच खल झाला. या गाडीची बॅटरी तीन अँपिअर-तासाची, यंत्र तिच्यातून सतत थोडं थोडं खातं. रोज चालणाऱ्या गाडीला चालतं, आठवडाभर मळ्याच्या खोलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला नाही. सातपुड्याच्या कुशीत मोबाइलची रेंज जाते तेव्हा यंत्रही मुकं होतं. शिवाय दरवर्षी सिमचे पैसे. महाग गाडी असती तर मी आग्रह धरला असता. इथे त्या पैशांत आतेभावानं ओन डॅमेजचा विमा घेतला, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

राहिला लग्नाचा थांबा, जिथून गाडी गेली होती. तीन किलोची साखळी घेऊन कुणी हळदीला जात नाही, आणि नांगरलेल्या रानात बांधायला काही नसतं. तिथे आम्ही गाडीलाच गाडी बांधतो. घरच्या दोन गाड्या उलटसुलट तोंडांनी शेजारी उभ्या करायच्या, म्हणजे एकीचं तोंड मांडवाकडे, दुसरीचं रस्त्याकडे, आणि यू लॉक दोघींच्या मागच्या चाकांतून. सव्वादोनशे किलोचा तो जोड ढकलता येत नाही, उचलला तर वाकडा फिरतो. ओळीच्या टोकाला नाही, मधोमध लावायचं. निघताना दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

फेब्रुवारीत आमच्याच घरचं लग्न होतं. मांडवाच्या खर्चात मी एक ओळ वाढवायला लावली : दोन पोरं, दोन बॅटऱ्या, प्रत्येकी पाचशे रुपये आणि जेवण. रानाला दोरी लावून येण्या-जाण्याची एकच वाट ठेवली. येणाऱ्याच्या हातात नंबर लिहिलेली चिठ्ठी, चिठ्ठी दिल्याशिवाय गाडी बाहेर नाही. वरपक्षाकडच्या एका मामांना राग आला, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. आत्यानंच त्यांना बाजूला बसवून मे महिन्यातली हकीकत सांगितली. नंतर तेच मामा पोरांजवळ खुर्ची टाकून बसले.

दुकानात केबल लॉक अजून आहे, पण ते हेल्मेटच्या खिळ्यावर गेलं. गाडीसाठी कुणी मागितलं तर मी देत नाही, आणि आधी गाडी दुकानासमोर आणायला सांगतो.

मळ्याच्या थांब्याचं मात्र आमच्याकडून अजून झालेलं नाही. विहिरीजवळ कडुनिंब आहे, त्याला साखळी लावता येते, पण विजेचा खांब त्याहून जवळ आणि सोयीचा पडतो. ओल्या जमिनीत लोखंडी खांबाला लोखंडी साखळी अडकवू नकोस म्हणून मी दोनदा भांडलो आहे. पहाटे अंधारात मोटार चालू करायच्या घाईत तो गाडी बांधावर तशीच सोडतो, फक्त लपवलेल्या स्विचवर. पाऊस पडायच्या आत मोटारीच्या खोलीच्या भिंतीत एक कडी पुरायची आहे. सळई कापून ठेवली आहे, गवंडी मिळायचा आहे.